आजीचा कौल

आमच्यात माणूस गेलं की त्याला जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरतात तेही आडवं नाही, मांडी घालून बसवून. तळहातावर इष्टलिंग, अंगाला विभूती, भोवती बेलाची पानं. आज मी हे सरळ लिहू शकते. लखनौत वाढताना मात्र एवढी एक गोष्ट कुणाला कळू नये म्हणून मी जी खटपट केली, ती अभ्यासात केली असती तर पप्पांच्या डोक्याचा ताप तरी वाचला असता.

पप्पा रेल्वेत इंजिनिअर होते. मानक नगरच्या कॉलनीत आमचं तळमजल्यावरचं क्वार्टर, दोन खोल्या आणि पुढे व्हरांडा. कॉलनीत मराठी घरं पाच-सहा असतील, गणपतीला एकत्र जमायची, पण लिंगायत आम्ही एकटेच. आमचं गाव उदगीरकडचं. आई-पप्पा घरात तिकडचं मराठी बोलायचे, मी ते ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. ‘पोरगी भय्यीण झाली’ असं आई पाहुण्यांना सांगायची, अर्धं तक्रारीनं आणि अर्धं कौतुकानं.

मी सातवीत असताना आजी-आबा आमच्याकडे राहायला आले. आबा म्हणजे पप्पांचे वडील, गावात शाळामास्तर म्हणून रिटायर झालेले. आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं. ऑपरेशन छान झालं, तिला कित्येक वर्षांनी सुईत दोरा ओवता यायला लागला, आणि पौषातल्या थंडीनं छातीत कफ धरून ती आठ दिवसांत गेली. गावाला न्यायचं तर दीड-दोन दिवसांचा प्रवास. कॉलनीतल्या जाणत्या माणसांनी पप्पांना घाटावर नेण्याचा सल्ला दिला. आबा तोवर भिंतीला टेकून बसले होते. ते एवढंच म्हणाले, “तिला जाळायचं न्हाई.”

मग पप्पांच्या एका सहकाऱ्यानं गोसाव्यांच्या बागेचं सांगितलं. शहराच्या दक्षिणेला, आता जिकडे वृंदावन योजनेचे सेक्टर झालेत त्याच्याही पलीकडे, तेव्हा सगळी शेतं आणि आंब्याच्या बागा होत्या. गोसावी लोकही आपली माणसं अशीच बसवून पुरतात. त्यांनी काहीही आढेवेढे न घेता आजीला बागेच्या कडेला जागा दिली. पूजा सांगायला जंगम कुठून आणणार, आबांनीच सगळं केलं.

मला जे विसरता येत नाही ते बागेतलं नाही, कॉलनीतलं आहे. आमच्या रिवाजाप्रमाणे आजीला नेलंही बसवूनच. वेताच्या खुर्चीत बसवली, पाठीला फळी बांधली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि ती खुर्ची छोट्या ट्रकवर चढवली. सगळी कॉलनी बाल्कन्यांत उभी होती. नव्या डोळ्यांनी आजी जणू सगळ्यांकडे बघत निघाली होती. वरच्या मजल्यावरची एक छोटी मुलगी मोठ्यानं विचारत होती की दादी ट्रकमध्ये बसून कुठे चालली, आणि तिची आई तिचं तोंड दाबत होती. मी रडत होते, पण खरं सांगते, त्यातलं निम्मं रडू आजीसाठी नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात शाळेत एका मुलीनं विचारलंच. तुम्ही लोक पुरता, मग तुम्ही हिंदू कसे? त्या वर्षांत शहरातली हवा बरी नव्हती आणि आमच्या वर्गात ‘दफ़नाना’ या शब्दाचा एकच अर्थ होता, मुसलमान. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे, हे मी स्वतःला विचारलं नाही. मी ताबडतोब सांगितलं की खुर्चीचा तेवढा रिवाज आहे, पुढे आम्ही घाटावरच नेलं, आणि अस्थी संगमात सोडल्या. अस्थींचं कुणी विचारलंही नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

आजी गेल्यावर आबांना गावाला परत जायचं सुचेना. ‘तिला परक्या मुलखात एकटीला टाकून जाऊ व्हय?’ असं म्हणत ते राहिले ते राहिलेच. पुढच्या खोलीत त्यांची खाट पडली. माझी अभ्यासाची जागा तीच होती, ती मागच्या खोलीत शिवणाच्या मशीनशेजारी सरकली. याचा राग मी पाच वर्षं पुरवून वापरला.

आजीच्या तिथीला समाधीवर जायचं, हा वर्षाचा नेम. तिथं काय करायचं हे आमच्या घरचं ठरलेलं होतं आणि आबांना त्यात तसूभर बदल चालायचा नाही. समाधी धुवायची, विभूती लावायची, बेल वाहायचा, धपाटे आणि तिळाची चटणी नैवेद्याला ठेवायची. मग समोर बसायचं आणि वर्षभरात घरात काय काय झालं ते तिला सांगायचं. ‘ती बसलीया, निजली न्हाई,’ आबा म्हणायचे, ‘बसलेल्या मानसाम्होरं उभ्यानं बोलू ने.’ सांगायची सुरुवात घरातल्या सगळ्यांत धाकट्यानं करायची. धाकटी मीच, एकुलती एक.

मी म्हणायची, “सब ठीक है, आजी.” झालं माझं. आबा मात्र बसले की तासभर उठायचे नाहीत. कुणाच्या मुलीचं लग्न जमलं, गावच्या विहिरीला पाणी किती, माझे मार्क किती, आईनं लोणच्यात मीठ जास्त घातलं होतं, सगळं. आईच म्हणायची, आजी जिवंत असताना आबा चारचौघांत तिच्याशी पाच शब्द बोलले नसतील. पाणी दे, तेही भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचे. आता दगडासमोर बसून भरभरून बोलत. मी तेव्हा बागेच्या फाटकाकडे बघत असायची, रस्त्यानं ओळखीचं कुणी जात नाही ना म्हणून. चोराच्या मनात चांदणं.

बाग सांभाळायला गोसाव्यांच्या घरातली एक म्हातारी होती. सगळे तिला अम्मा म्हणत. आमची तिथी तिच्या डोक्यात पक्की बसलेली. आम्ही जायच्या आधी समाधी झाडून ठेवायची आणि आबांना बसायला पोतं टाकायची.

मी अकरावीत असताना एकदा वर्गातली मैत्रीण वही मागायला घरी आली. ही माझी खास मैत्रीण, वडील बँकेत, घर आलमबागेत. मी वही आणायला आत गेले तेवढ्यात आबांनी तिला आपल्या मास्तरी हिंदीत आमचा सगळा इतिहास ऐकवला. शेवटी बागेच्या दिशेला बोट दाखवून म्हणाले, “हमारी मालकीन उधरच बैठी है. हर साल मिलने को जाते.” मैत्रीण फाटकाबाहेर येईपर्यंत गंभीर होती, मग हसत सुटली. बैठी हैं? अब तक? तिचं हसणं वाईट नव्हतं, कुणालाही हसू आलं असतं. पण संगमाच्या अस्थी मी तिलाही सांगितलेल्या होत्या. मी म्हटलं, आबांचं वय झालंय, डोकं ठिकाणावर नसतं. एवढं बोलून मी आत आले आणि त्याच माणसानं माझ्यासाठी सोलून ठेवलेल्या शेंगा खाल्ल्या.

बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर आबा न्हाणीघरात घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पौष आला तरी ते चार पावलांपुढे चालू शकत नव्हते. गावाहून काकांचं पत्र आलं की आबांना आता इकडे घेऊन येतो. गावच्या शेतात आमच्या घराण्याच्या समाध्या आहेत, आणि पणजोबांच्या शेजारची जागा आबांसाठी राखलेली होती. पत्रात तसं उघड लिहिलेलं नव्हतं, पण आबांना ते कळलं. इथे आजी होती, तिच्या शेजारीही जागा होती, अम्मानं ती आपण होऊन देऊ केलेली. आता प्रश्न एकच होता, की आबांनी कुठे बसायचं. पत्र आठ दिवस त्यांच्या उशाशी होतं. मग म्हणाले, तिलाच विचारू.

गावाकडे देवाला कौल लावतात, तसा आमच्या घरात समाधीलाही लावत. जाणकारांनी आम्हाला नावं ठेवावीत, पण होतं हे असं. बेलाची दोन पानं पाण्यात बुडवून समाधीच्या उभ्या दगडाला चिकटवायची, एक उजवीकडे, एक डावीकडे. प्रश्न विचारायचा आणि कुठलं आधी पडतं ते बघत बसायचं. पप्पा त्या महिन्यात रेल्वेच्या चाचण्यांसाठी बाहेरगावी गेलेले, आबांना सोडून आईला हलता येईना. म्हणजे राहिले मी.

तिथीच्या दिवशी सकाळी आबांनी मला खाटेजवळ बोलावलं. आईनं तोडून आणलेल्या बेलातून त्यांनी दोन पानं स्वतः निवडली होती, कुठेही न किडलेली, धोतराच्या सोग्यानं पुसलेली.

“तिला नीट इचार,” ते म्हणाले. “मी हितं तिच्यापाशी बसू का गावाकडं जाऊ? उजवं पडलं तर हितं. डावं पडलं तर गाव. पान पडंस्तवर उठू नको, कितीबी येळ लागू दे.”

मी बरं म्हटलं. आबा मी परत येईपर्यंत काही खाणार नव्हते, हे आईनं मला दारात सांगितलं.

आता माझी बाजू. बाजू कसली, पण सांगते. त्याच आठवड्यात आमच्या शाळेची फेअरवेल होती. सगळ्या मुली साड्या नेसणार होत्या. मी आईची जांभळी साडी ठरवली होती आणि तिच्यावर जाणारा परकर आणि बांगड्या अमीनाबादला मिळतील असं मैत्रीण म्हणाली होती. तिला त्या दिवशीच वेळ होता. आम्ही आलमबागच्या चौकात भेटायचं ठरवलं. माझा हिशेब असा होता की आधी अमीनाबाद उरकू, मग मी टेंपोनं बागेत जाईन. हिशेब मी मनापासून केला होता की स्वतःला फसवायला, ते आता सांगता येत नाही. चौकात दोन टेंपो उभे होते, एक बागेच्या दिशेचा आणि एक अमीनाबादच्या वाटेवरच्या चारबाग स्टेशनचा. मैत्रीण चारबागच्या टेंपोत आधीच बसली होती आणि माझ्यासाठी जागा धरून हाक मारत होती.

अमीनाबादेत जे व्हायचं ते झालं. चारबागहून रिक्षा केली, ती गर्दीत अडकली, उतरून चालत गेलो. परकराचा जांभळा जुळेना. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात, तिथून गल्लीत, गल्लीतून परत पहिल्या दुकानात. बांगड्यांच्या दुकानासमोर मैत्रिणीला भूक लागली, आणि माझ्या पिशवीतून तिळाचा वास येत होता. तिनं विचारलं, काय आहे. मी डबा उघडला. आजीच्या नैवेद्याचे धपाटे आम्ही दोघींनी उभ्या उभ्या खाल्ले. मैत्रीण बोटं चाटत म्हणाली की असं काही तिनं आजवर खाल्लेलं नाही. मलाही ते फार चांगले लागले. हे लिहिताना हात अडखळतो, पण लागले खरे.

तीन वाजून गेले. आता बागेत जाऊन यायचं तर अंधार पडणार, आई ओरडणार, असं मी स्वतःला समजावलं. बागेत जायला मला खरं तर अजून वेळ होता. बेलाची पानं, त्या निवडलेल्या दोन पानांसकट, मी एका पिंपळाच्या पारावर ठेवली आणि वर नमस्कारही केला. नळावर तांब्या विसळला, म्हणजे वापरल्यासारखा ओला दिसेल. विभूतीच्या पुडीतली चिमूट घेऊन कपाळावर लावली. मैत्रीण विचारत होती हे काय, मी म्हटलं घरी आवडतं. परकर आणि बांगड्या तिच्याकडेच ठेवायला दिल्या. एवढी अक्कल मला परीक्षेत कधी सुचली नाही.

घरी आले तेव्हा आबा व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. चार पावलं चालता न येणारा माणूस तिथवर कसा आला, ते आईलाच माहीत. खांद्यावर शाल, तोंड सुकलेलं. माझ्या कपाळावरची विभूती पाहून त्यांनी हात जोडले. मला नाही, विभूतीला.

“पडलं?” त्यांनी विचारलं.

वाटेत मी काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. म्हणजे कौल लावला असं सांगायचं होतं, पण कुठलं पान, याचा विचार केला नव्हता. केला असता तर कदाचित उजवं म्हटलं असतं; त्यांचा जीव इथेच होता, हे मला काय, घरातल्या मांजरालाही कळलं असतं. पण ते खुर्चीत बसले होते. ताठ, पाठीला टेकून, कपाळावर तीन पट्टे. आणि मला ट्रक दिसला. पुन्हा खुर्ची, पुन्हा फळी, पुन्हा सगळी कॉलनी बाल्कनीत. पुन्हा शाळेत नाही तर कॉलेजात कुणीतरी विचारणार. आणि मागच्या खोलीतली शिवणाची मशीनही दिसली, हेही कबूल करते.

“डावं पडलं,” मी म्हटलं. त्यांच्याशी मी सहसा हिंदीत बोलायची. हे मात्र मी स्वच्छ मराठीत सांगितलं. जीभ घसरली असं म्हणायला जागा नाही.

आबांनी खांद्यावरची शाल सारखी केली. मग म्हणाले, “बरं. तिची मर्जी,” आणि आईला जेवायला वाढायला सांगितलं. जेवताना त्यांनी विचारलं, घरातलं सगळं सांगितलंस ना तिला? मी हो म्हटलं. माझ्या पायाचं सांगितलंस? हो. फेअरवेलला मी जांभळी साडी नेसले, बांगड्या घातल्या, आणि सगळ्यांनी सांगितलं की मी छान दिसते.

महिन्याभरात काका आले. निघायच्या आदल्या दिवशी ते आबांना शेवटचं डॉक्टरला दाखवून आणतो म्हणून ऑटोनं घेऊन गेले, ते दुपारी परतले. आबा दमून झोपले. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर पप्पांनी त्यांना डब्यात बसवलं. मी खिडकीपाशी उभी होते. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि परीक्षा नीट दे म्हणाले. मग म्हणाले, तिच्याकडं जात जा, तिला एकटं ठेवू नका. गाडी सुटली. पुढची खोली मला मिळाली. सुंठीवाचून खोकला गेला असं मला वाटलं, आणि वाटलं याची तेव्हा लाजसुद्धा वाटली नाही.

आमच्या नातेवाइकांत ही गोष्ट अजूनही सांगतात. लग्नाकार्यात जमले की कुणीतरी विषय काढतं. आजीनं स्वतः कौल दिला, म्हातारीनं नवऱ्याला आपल्यापाशी अडकवून ठेवलं नाही, पोराबाळांत पाठवलं, केवढं मन. पप्पा सांगतात तेव्हा त्यांचा आवाज भरून येतो. मी पंगतीत वाढत असते आणि भाताचं पातेलं घेऊन पुढे सरकते.

पुढच्या पौषात, आजीच्या तिथीच्या आधी आठ दिवस, गावाहून फोन आला की आबा गेले. झोपेतच गेले. मी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला, प्रॅक्टिकल परीक्षा सुरू होती. आई-पप्पा मला शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवून गावाला गेले. जाताना आई सामान बांधता बांधता म्हणाली की तिथीपर्यंत आम्ही काही परत येत नाही, तर तू जा. “आजीला आपल्या तोंडानं सांगायला हवं,” ती म्हणाली. “दुसरं कोण सांगणार तिला?”

आई-पप्पा नव्हते, विचारायला कुणीच नव्हतं. न जाता गेले म्हणून सांगणं मला तर पाठ होतं. पण त्या दिवशी मी पहाटे उठून धपाटे केले. जाड झाले, कडेला करपले. बेल तोडला, आलमबागेत बागेचा टेंपो धरला. वाटेत शेतांमध्ये खुंट्या ठोकून दोऱ्या ओढलेल्या होत्या, कुठेकुठे पाये खणलेले होते. बाग मात्र होती तशीच होती.

अम्मा फाटकापाशीच भेटली. समाधी झाडून झाली होती आणि पोतंही टाकलेलं होतं. तिनं माझ्या मागे बघितलं, आणखी कुणी आहे का म्हणून, आणि विचारलं बाबा, म्हणजे आमचे आबा, कसे आहेत. मी सांगितलं. ती तिथंच खाली बसली आणि पदर तोंडावर घेतला. मग विचारलं, कुठे बसवलं. मी म्हटलं, गाँव में.

“हाँ, कह तो गए थे,” ती म्हणाली. “पिछले साल जाने से पहले आए थे न. साथ में एक आदमी था, उसी के सहारे.”

मला वाटलं मी भलतंच ऐकतेय. मी विचारलं, कोण आले होते.

“आपके बाबा, और कौन. डॉक्टर के यहाँ से सीधे आए थे. उस आदमी को फाटक पर बैठा दिया, बोले हमें अकेले में बात करनी है. पहले हमसे पूछा कि तिथि पर बिटिया कितने बजे आई थी. हमने कहा, भैया, हम तो झाड़ू लगा के दिन भर बैठे रहे, कोई नहीं आया.”

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. जुनी आठवण सांगावी तसं सांगत होती. मी विचारलं, मग ते काय म्हणाले. रागावले का.

“काहे को नाराज़ होते. बोले, इम्तिहान है उसका, फुरसत नहीं मिली होगी. फिर बड़ी देर यहीं बैठे रहे. हमने कहा, पेड़ सामने है, बेल तोड़ दें, आप खुद पूछ लीजिए जो पूछना है. बोले, नहीं, रहने दो. जवाब घर से मिल गया.”

अम्मा उठून पाणी आणायला गेली. मी उभीच होते. म्हणजे स्टेशनवर डोक्यावर हात ठेवला तेव्हा त्यांना माहीत होतं. परीक्षा नीट दे म्हणाले तेव्हा माहीत होतं. पुढे दहा-अकरा महिने काकांच्या घरून पत्रं लिहायचे, त्यात माझ्या तब्येतीची चौकशी असायची, तेव्हाही. मी खोटं बोलले एवढंच त्यांना कळलं असतं तरी मी तोंड वर केलं नसतं. त्यांना त्यापुढचं कळलं होतं. आजीनं नाही, मी त्यांना जा म्हटलं होतं, आणि ते गेले. बेल समोर असूनही त्यांनी पान लावलं नाही, कारण उजवं पडलं असतं तर मला खोटं पाडून राहावं लागलं असतं.

समाधीच्या शेजारी माणूसभर जागा मोकळी होती. बाकी बागेत सगळीकडे पाचोळा पडलेला, आणि हा एक चौकोन स्वच्छ. आजीची समाधी झाडताना अम्मा तीही झाडत असणार, वर्षभर. तांब्या घेऊन आली तेव्हा तिनं त्या जागेकडे बघितलं आणि म्हणाली की आता इथे तुळस लावून देईन. मी मान हलवली.

मी समाधी धुतली. विभूती लावली, बेल वाहिला, करपलेले धपाटे समोर ठेवले. मग पोत्यावर बसले. धाकट्यानं सुरुवात करायची असते. सब ठीक है म्हणायची जिभेला सवय होती, ते शब्द तोंडापर्यंत आलेही. रस्त्यानं दोन मुली सायकलवरून जात होत्या, त्यांनी वळून बघितलं. बघू देत.

“आजी,” मी म्हटलं, “आबा गेले. गावाकडे बसवलं त्यांना. तू पाठवलंस असं सगळे म्हणतात. तुला कुणी विचारलंच नव्हतं.”